पिशवी बंद होती ती किडनीसाठी नव्हे

गेल्या आठवड्यात पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर 'कोरोनाचं सत्य, सर्वांना पाठवा' असा लांबलचक मेसेज फिरला. त्यात चार दावे आहेत. मृतदेह बंद पिशवीत दिले कारण किडन्या काढल्या होत्या. प्रत्येक मृत्यूमागे हॉस्पिटलला दीड लाख मिळाले. सुप्रीम कोर्टानं लस बेकायदा ठरवली. आणि वारसांना 4 लाख मिळणार, फॉर्म भरा.

असले मेसेज मी बघून पुढं जातो. पण हा आत्तीपर्यंत पोचला. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, मे 2021 मध्ये कोरोनानं गेले. संध्याकाळी तिचा फोन आला, "त्यांचं काय काढून घेतलं असंल रं?" इतक्या वर्षांनी एका बाईला हा प्रश्न पडावा, याचा मला मनस्वी राग आला आहे.

तर आधी किडनी. मृत व्यक्तीची किडनी दुसऱ्याला बसवायची तर बहुतेक वेळा ती मेंदू मृत झालेल्या, पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू असलेल्या रुग्णाची घेतात. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी आणि घरच्यांची संमती सक्तीची केली आहे. हृदय थांबलं, रक्त मिळेनासं झालं की किडनी थोड्याच वेळात खराब व्हायला लागते. मामा पहाटे गेले, दुपारी गाडी पंचगंगेच्या स्मशानात आली. शिवाय ज्याच्या अंगात कोरोना आहे त्याचा अवयव दुसऱ्याला बसवायला त्या वेळी परवानगीच नव्हती. पिशवी होती ती देहातून पाझरणाऱ्या द्रवाचा संसर्ग होऊ नये म्हणून.

पण एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती करताना जीभ जड होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्च 2020 च्या सूचना मी आत्तीसाठी काढून वाचल्या. कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेन तोंडापाशी उघडावी, नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. देहाला हात न लावता मंत्र म्हणायला, पाणी शिंपडायला मुभा होती. अस्थींपासून तर धोकाच नाही, असंही लिहिलं आहे. आम्हाला मामांचं तोंड दाखवलं नाही. पीपीई किट घातलेली पोरं शेणी रचत होती आणि आम्ही लांब कठड्यापाशी उभे होतो. आत्तीला तर घरातूनच निघू दिलं नाही. त्या हॉस्पिटलला जाब विचारायचा तर या गोष्टीचा विचारायला हवा होता. मी तेव्हा विचारला नाही. या मेसेजनं तो खरा प्रश्न बाजूला सारून तिच्या डोक्यात चोरी भरवली.

मृत्यूमागे हॉस्पिटलला दीड लाख देणारी कुठलीही सरकारी योजना नव्हती. खासगी बिलं मात्र अव्वाच्या सव्वा लावली गेली, हे खरं. म्हणूनच राज्य सरकारनं मे 2020 मध्ये 80 टक्के खाटांना दर बांधून दिले: दिवसाला साध्या वॉर्डचे 4,000, आयसीयूचे 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000.

लसीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा 2 मे 2022 चा निकाल सांगतो की कुणावर लसीची जबरदस्ती करता येणार नाही. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही, असंही आहे. मेसेजवाल्यानं पुढचं वाक्य गाळलं.

आता 4 लाख. 14 मार्च 2020 ला केंद्रानं तसा आदेश काढला होता आणि त्याच दिवशी बदलून त्यातली ही मदत काढून टाकली. पुढं सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं आणि ऑक्टोबर 2021 मध्ये 50,000 रुपये मंजूर झाले. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणानं ते नाकारायचे नाहीत, असंही कोर्टानं बजावलं. आत्तीला ते मिळाले, थेट बँक खात्यात. मेसेजखालच्या फॉर्मवर आधार नंबर आणि पासबुकाचा फोटो मागितला आहे. तो भरू नका, आणि ज्यांनी भरला असेल त्यांनी आजच बँकेत जाऊन सांगा.