आधी मजकूर, मग वेलांटी

परवा एका मुलाचे बाबा शाळेत आले. वही माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "बाई, तुमी पोराक मालवणीच लिवक शिकवतास? तां ताका घराकडे येताच. माका बँकेत साधो अर्ज लिवक येणा नाय. ताका येवक व्हयो." वहीत मी लाल शाईची एकही खूण केली नव्हती, तेही त्यांना खटकलं होतं.

ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून नीट लिहिते.

मालवण तालुक्यातली आमची दोनशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडे, मिळून तेरा मुलं. पूर्वी जुलैमध्ये मी 'पावसाळा' निबंध घ्यायचे. तेराही वह्यांत बेडूक डराव डराव करायचे, मोर नाचायचा आणि शेतकरी आनंदी व्हायचा. यातल्या निम्म्या मुलांच्या घरी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, बाबा दिवसभर पडवीत जाळी विणत बसलेले, पैशांची ओढाताण. यातलं एक अक्षर निबंधात येत नसे. निबंध म्हणजे दुसऱ्याची वाक्यं नीटनेटकी उतरवणं, हे मुलं दुसरीतच शिकलेली असतात, आणि ते आम्ही शिक्षकांनीच शिकवलेलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं.

तीन वर्षांपूर्वी तासाची रीत बदलली. कल्पना माझी नाही. अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी प्राथमिक शाळेतली मुलं लिहीत असताना त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आणि १९८३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. लेखनाची कार्यशाळा तिथून जगभर गेली. आणि आपल्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून शंख-शिंपले, बिया, पानं हेच शिकवण्याचं साहित्य केलं होतं. मुलाच्या आसपास जे पडलंय त्यातूनच शिक्षण, हे मला त्यांच्याकडून पटलं.

आमचा तास असा: पहिली दहा मिनिटं मी एकच छोटी गोष्ट दाखवते, पुढे वीस-पंचवीस मिनिटं सगळे लिहितात, शेवटी दोघं-तिघं वाचून दाखवतात. विषय ज्याचा त्याने निवडायचा. लिहिण्याच्या वेळात मी फळ्यापाशी नसते, मुलांशेजारी खाली बसते. एका मुलाला एकच प्रश्न विचारायचा, तोही मजकुराबद्दल, हा नियम मी स्वतःला घातलाय. तो पाळणं सोपं नाही, वेलांटी चुकलेली दिसली की हात शिवशिवतो.

चौथीतल्या एका मुलाने रापणीबद्दल, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याबद्दल, लिहिलं होतं, "आम्ही रापण ओढायला गेलो. खूप मासे मिळाले. मजा आली." मी विचारलं, "दोर हातात आला तेव्हा काय झालं?" त्याने काही न बोलता तळहात उघडून दाखवला. सालटं गेलेलं होतं. म्हटलं, हे लिही. दुसऱ्या दिवशी वहीत होतं: "बापाशीन दोर दिल्यान. तो ओलो आणि खरखरीत होतो. हात भाजलो पण सोडूक नाय, सगळे बघी होते." मी हे वाचून बराच वेळ गप्प बसले. 'सगळे बघी होते' हे कुठल्याही निबंधमालेत सापडणार नाही.

आता त्या बाबांचा प्रश्न. दर महिन्याला प्रत्येकाने आपलं एक लेखन निवडून ते प्रमाण मराठीत, शुद्ध करून भिंतीवर लावायचं असतं. शुद्धलेखन तेव्हा येतं, आणि पटकन येतं, कारण तेव्हा ते मुलाला स्वतःसाठी हवं असतं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. भिंतीवर लावायच्या कागदावर 'आणि' का ऱ्हस्व, असं एका मुलीने मलाच अडवून विचारलं, तेव्हा अपवादासकट तो सगळ्यांच्या लक्षात राहिला.

बोलीतून प्रमाण भाषेत नेताना मुलं शब्द तोलतात, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. 'गावले'च्या जागी 'मिळाले' लिहायचं का, यावर वर्गात वाद झाला. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाजारात मिळता, दर्यात गावता." मग आम्ही 'गावले' तसंच ठेवलं. आठ वर्षांच्या मुलीने दोन शब्दांतला इतका बारीक फरक सांगावा, याहून चांगला भाषेचा तास मला माहीत नाही.

हे सगळं मी त्या बाबांना सांगितलं, मुलाचे दोन्ही कागद शेजारी ठेवून. त्यांनी आधी मालवणी वाचलं. मग शुद्ध केलेलं. मग पुन्हा मालवणी. "अर्ज पण करून घेवा," एवढंच म्हणाले. बरोबर आहे. या महिन्यापासून चौथीला अर्जही घेतेय, खराखुरा: शाळेच्या नळाला पाणी येत नाही म्हणून ग्रामपंचायतीला.

रापणीवालं लेखन अजून संपलेलं नाही. होडी जाळं सोडत अर्धगोल कशी फिरते आणि दुसरा दोर किनाऱ्यावर कसा येतो, हे त्याला सांगता येत नाहीये. तीनदा खोडलंय. आज घरी जाऊन आज्याला विचारून येणार आहे.