‘स्टुअर्ड’ डुकरे राखणारा नव्हे

विमानातील ‘स्टुअर्ड’ हा शब्द मुळात डुकरांच्या खुराड्याच्या राखणदारासाठी होता, असा एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरत आहे. त्यातील राखणदाराचा भाग बरोबर आहे, डुकरांचा नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘स्टिगवेअर्ड’ असा होता. त्यातील ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार हे निर्विवाद आहे, परंतु ‘स्टिग’चा अर्थ येथे घर किंवा दिवाणखाना असा घेतला जातो आणि या जोडशब्दात तो डुकरांसाठी आल्याचा पुरावा नाही. स्टुअर्ड हा मोठ्या वाड्याचा कारभारी होता. स्कॉटलंडमध्ये हे पद वंशपरंपरागत झाले, त्यावरूनच स्ट्युअर्ट हे आडनाव पडले आणि 1371 मध्ये त्या घराण्याचा पुरुष, दुसरा रॉबर्ट, राजा झाला.

‘लॉर्ड’ या भारदस्त शब्दातही हाच राखणदार दडलेला आहे: ‘ह्लाफवेअर्ड’, म्हणजे भाकरी राखणारा.

‘वेअर्ड’च्याच धातूचा जर्मानिक (इंग्रजी-जर्मन भाषाकुळातला) शब्द फ्रेंचांनी उचलला. नॉर्मंडीकडील बोलीत ‘व’ टिकला, पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला, आणि इंग्रजीने दोन्ही रूपे घेतल्यामुळे वॉर्डन व गार्डियन, रिवॉर्ड व रिगार्ड अशा जोड्या तयार झाल्या. महापालिकेचा वॉर्ड आणि सोसायटीच्या फाटकावरचा गार्ड हीही याच धातूची भावंडे होत, फक्त वॉर्ड थेट जुन्या इंग्रजीतून आला आणि गार्ड फ्रेंचमधून.

त्याच मजकुरात ‘फॉरवर्ड’ही या कुळात घातला आहे, तो मात्र परका आहे, त्यातील ‘वर्ड’ वळण्याच्या अर्थाचा असून त्याचे नाते संस्कृत ‘वृत्’शी, म्हणजेच आपल्या ‘वर्तुळा’शी आहे.