कात्री खाली ठेवा, आधी उसवा

काल आणखी एक पिशवी आली. "तू शिवतेस ना गं, तुझ्या काहीतरी उपयोगाला येतील," असं म्हणत मैत्रीण ती दारातच टेकवून गेली. आत सतरा कपडे. मी शिवते हे चारचौघींना कळल्यापासून अशा पिशव्या येतच असतात. देणारीचं कपाट मोकळं होतं, तिचं मनही मोकळं होतं, आणि टाकून देण्याचं नकोसं काम अलगद माझ्या गळ्यात पडतं. रागवत नाही मी. पण सतरापैकी ठेवण्याजोगे निघाले तीन. बाकीचे चौदा का नाहीत, हे एकदाचं लिहूनच टाकते. जुन्याचं नवं करण्याचे जे व्हिडिओ सध्या फिरतायत ते बघून माझ्या घरात दोन चांगल्या कपड्यांचा बळी गेलाय, आणि दोन्ही वेळा कात्री माझ्याच हातात होती.

त्या व्हिडिओत काय असतं? ढगळ शर्ट, कात्रीचा एकच सपकारा, मग मशीनची दोन सेकंदांची घरघर, की बाई गिरकी घेतात आणि अंगात झकास ड्रेस. मधले चार तास कुठे गेले ते कोणी विचारायचं नाही. आणि तो शर्ट नेहमी बाईंच्या दुप्पट मापाचाच कसा असतो, हेही नाही. सगळी जादू त्या मापात आहे हो! कापड उसवलं, कापलं, परत जोडलं की कमीच होतं. साधं गणित आहे. एका शिवणीत दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर दाब, म्हणजे शिवणीच्या आत राहणारं कापड, जातो. म्हणजे सहा तुकडे गोल जोडून स्कर्ट केलात तर नुसत्या शिवणींनीच बारा सेंटिमीटर घेर खाल्ला. मोठ्याचं लहान सहज होतं. लहानाचं मोठं करायचं तर मध्ये दुसरं कापड घालावं लागतं आणि ते घातलेलं दिसतं. ते दिसणं शोभेल असं करता आलं तर उत्तम, पण त्याला नजर लागते, आणि ती व्हिडिओ बघून येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कामात शिवणं नंतरचं आहे. निम्म्याहून जास्त काम उसवण्याचं आहे. लोक नेमकं तेच टाळतात, कारण ते कंटाळवाणं आहे आणि कॅमेऱ्यात काही दिसत नाही. शिवणीच्या कडेने कात्री चालवली की पाच मिनिटांत तुकडे मिळतात हे खरं. पण मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला, गोल गेला, खांद्याचा दाब गेला, कफाच्या आत दुमडलेलं कापड गेलं. जे मिळतं त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: चिंध्या. एक ना धड, भाराभर.

उसवायचं कसं, तर कपडा ज्या क्रमाने शिवला त्याच्या उलट क्रमाने. तयार शर्टात साधारणपणे बाही आधी खांद्याला सपाट जोडतात, आणि मग मनगटापासून काखेपर्यंत व काखेतून खाली घेरापर्यंत एकच लांब टीप मारतात. म्हणून उसवताना आधी कफ आणि खालची पट्टी, मग ती लांब शिवण, मग मुंढा, मग कॉलर आणि सगळ्यात शेवटी योक, म्हणजे खांद्यावरची पट्टी. एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका सीम रिपरने, म्हणजे उसवायच्या छोट्या टोकदार हत्याराने, तोडत जायचं, मग कपडा उलटा करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. तो अख्खाच्या अख्खा हातात येतो. दोन कापडं धरून टराटरा फाडण्याचा मोह आवरा; टाक्याच्या जागी भोक पडलं की ते कायमचं. जीन्सच्या काही शिवणी साखळी टाक्याच्या असतात. त्यांचं बरोबर टोक सापडलं तर अख्खी शिवण सर्रकन निघते आणि चुकीच्या टोकाने ओढत बसलात तर ढिम्म हलत नाही. ते बरोबर टोक सापडल्याचा आनंद मला अजूनही होतो, वय काहीही असो.

आणि मग खरी गंमत सुरू होते. उसवलेले तुकडे धुऊन, इस्त्री करून टेबलावर पसरले की कपडा बोलायला लागतो. परवा एक आकाशी शर्ट उसवला. निदान मी तरी तो आकाशी समजत होते. खिसा काढला तर खाली गडद निळा चौकोन! खिशाखालच्या कापडाने ऊन बघितलंच नव्हतं, धुताना घासलंही गेलं नव्हतं. शिवणींच्या आतल्या बाजूलाही तशाच निळ्या रेघा. म्हणजे हा शर्ट सैल करायला शिवण उलगडली असती तर दोन्ही कुशींना गडद पट्टे उमटले असते. न उसवता कात्री लावली असती तर हे कळलं असतं कधी? शिवून झाल्यावर. मी कापड उलटंच वापरलं. धागा रंगवून विणलेलं होतं, त्यामुळे आतबाहेर सारखंच, आणि आतून रंग जास्त टिकलेला. छपाईच्या कापडाला ही सोय नाही, त्याची उलटी बाजू फिकुटलेलीच असते.

तुकडा उजेडासमोर धरून बघायचा. कोपर, बूड, मांड्यांच्या आतली बाजू, कॉलरची घडी: झिजतं ते इथेच. जाळीसारखं दिसलं तर तो भाग सोडून आखणी करायची. मग दोन अंगठे जवळजवळ ठेवून कापड ताणायचं. बारीक कट्कट् आवाज आला तर धागेच मेलेत, त्या कापडावर एक संध्याकाळही घालवू नका.

आता माझ्या पहिल्या बळीची गोष्ट. चौकड्यांचा एक छान मोठा स्कर्ट होता. त्यातून लहान मुलीचा फ्रॉक बसवायचा म्हणून मी तुकडे जसे मावतील तसे फिरवून फिरवून कापले. उभा धागा कुठे, आडवा कुठे, बघितलंच नाही. शिवून झाला तेव्हा फ्रॉक देखणा होता. एक धुणं झालं आणि डावी बाजू बोटभर खाली उतरली. तो भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, कापला गेला होता आणि उरेब कापड स्वतःच्या वजनाने ओघळतं. मॅडलेन व्हिओने या पॅरिसच्या ड्रेसमेकर बाईंनी १९२०च्या दशकात याच उरेब कापडावर केवढं नाव कमावलं! फरक इतकाच की त्यांनी ते जाणूनबुजून केलं होतं आणि मी कापड पुरवायला. काठ शिल्लक असेल तर उभा धागा लगेच कळतो, कारण तो काठाला समांतर असतो. जुन्या कपड्यात काठ बहुधा नसतोच. मग कापड दोन्ही दिशांनी ताणून बघायचं. ज्या दिशेला कमी ताणलं जातं तो बहुतेक उभा. उसवायच्या आधीच प्रत्येक तुकड्यावर खडूने उभ्या धाग्याचा बाण काढून ठेवायचा, म्हणजे नंतर डोकं खाजवायला नको.

दुसरा बळी टीशर्ट. साध्या सुईने शिवला, सुईच्या टोकाने विणीचे धागे तुटले आणि शिवणीच्या कडेने बारीक भोकं वाढत गेली. होजिअरीच्या कापडाला बोथट टोकाची, बॉलपॉइंट सुई लागते, जाड जीन्सला १००/१६ सारखी दणकट. एवढंच. पुढे जाऊ.

जुने कपडे जास्त टिकायचे ही तक्रार सगळेच करतात. माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वीचे पुष्कळ कपडे पुढेमागे उसवले जाणार हे धरूनच शिवलेले असायचे. मुलांच्या कपड्यांना खाली चांगली रुंद दुमड असायची, मूल उंच झालं की एक दुमड उलगडायची. शिवणीत दोन-अडीच सेंटिमीटर दाब सोडलेला असायचा. आजच्या तयार कपड्यात, विशेषतः होजिअरीत, ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेल्या मशीनच्या टिपेच्या, आत जेमतेम सहा मिलिमीटर कापड असतं. त्यात ना सैल करायला जागा, ना उसवून नवी शिवण घ्यायला. दुरुस्तीची वाट कारखान्यातच बंद झालेली असते. नंतर आपण कितीही हौस केली तरी ती सहा मिलिमीटरच्या आतली हौस.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. बाईच्या एका लोकरी ड्रेसलाच अकरा जायची. हे रेशनिंग १९४९च्या मार्चपर्यंत चाललं, म्हणजे युद्ध संपल्यावरही जवळजवळ चार वर्षं. सरकारने जुन्याचं नवं कसं करायचं याच्या पत्रिका काढल्या, वर्ग घेतले. त्या काळी बायका जुने स्वेटर उसवून लोकर परत वापरायच्या ती रीत मी स्वतः करून बघितलीय. उसवलेली लोकर कुरळी असते, शेवयांसारखी. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैलसर बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली हलकं वजन लावून वाळत टाकायची. दुसऱ्या दिवशी लोकर सरळ. हे कौतुक मी 'बघा, तेव्हाचे लोक किती काटकसरी' म्हणून सांगत नाहीये. त्यांच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता, आणि कंटाळाही भरपूर आला असणार. सांगायचं ते इतकंच की सुरुवात उसवण्यापासून होती.

तर ते चौदा कपडे. पाच तर इलॅस्टिक धाग्याचे ताणले जाणारे, ताण मेलेला, गुडघ्याला पोक आलेलं. ताण गेला की परत येत नाही, आणि असं कापड कशातही बसवलं तरी तिथेही पोकच येणार. चार पॉलिस्टरमिश्रित, अंगभर गोळे आलेले. कापड नेमकं कशाचं ते कळत नसेल तर दाबातला एक धागा काढून, चिमट्यात धरून, मोरीत जाळून बघा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो, लोकरीला केस जळल्यासारखा, आणि पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. (खिडकी उघडी ठेवा. घरच्यांना आधी सांगा.) दोन टिकल्यांचे, त्यातल्या टिकल्या सुया मोडतात. आणि उरलेले तीन? ते धडधाकट होते. बटणंसुद्धा शाबूत.

इथे माझं मत जरा कडक आहे. जो कपडा कोणीतरी आहे तसाच घालू शकतं, त्याला कात्री लावू नये. धड शर्ट कापून त्याची उशीची खोळ करायची आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणायचं, हे मला पटत नाही. त्यासाठी नवी लेस, नवी चेन, नवं अस्तर, तीन रंगांचे दोरे विकत आणायचे, तर मग वाचलं काय? मला शिवायला आवडतं म्हणून मी शिवते. पृथ्वी वाचवण्याचा दावा नाही. पैसे वाचतात का? माझा वेळ फुकट धरला तर हो. ते तीन धड कपडे मी धुऊन ज्यांच्या मापाचे होते त्यांना दिले, विषय संपला. "अगं, मग तू काय केलंस त्यात?" असं घरातून ऐकू आलं. काहीच नाही केलं, तेच तर केलं!

ठेवलेल्या तीनपैकी दोन अजून टेबलावर उसवून पडलेत. तिसरा मैत्रिणीच्या नवऱ्याचा पांढरा शर्ट. बाकी अंग एकदम शाबूत, फक्त कॉलरची घडी घासून पांढरे तंतू बाहेर आलेले. माझ्या मुलीने लगेच मापं घेऊन ठेवली, तिला त्यातून बिनबाह्यांचा टॉप हवा होता. मी म्हटलं थांब.

कॉलर खालच्या पट्टीत अडकवलेली असते. पट्टीची वरची टीप तेवढी उसवली की कॉलरचं पान अख्खं सुटून येतं. फाटक्या घडीवर आतून दोन-तीन आडव्यातिडव्या टिपा मारल्या. कॉलरच्या मधोमध आणि पट्टीच्या मधोमध टाचणी लावली, पान उलटं केलं, म्हणजे झिजलेली बाजू आत आणि कोरी बाजू वर, आणि परत पट्टीत सरकवून जुन्या भोकांवरूनच टीप मारली. टोकांना बटणं असलेल्या कॉलरला हे जमत नाही, ही साधी होती. उसवायला वीस मिनिटं, शिवायला दहा. मुलगी फुरंगटली ती वेगळी.

संध्याकाळी शर्ट इस्त्री करून मैत्रिणीकडे नेऊन दिला. तिने उलटसुलट करून बघितला, बाह्या बघितल्या, खिसा बघितला, खालचा घेर बघितला आणि म्हणाली, "हा तर आहे तस्साच आहे गं. काही सुचलं नाही का तुला याचं?"