दंडाआधी श्रेडर द्या

शेतातला काडीकचरा जाळणाऱ्यांना दंड करा, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पण त्यात पंजाबची पराली (भात कापल्यावर उरलेला पेंढा) आणि आमची पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं) एकाच मापाने मोजलीय, तिथेच गडबड झाली. तिकडे भात काढून गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे, म्हणून काडी लागते. आमच्या यवतमाळ-वर्ध्यात कोरडवाहू कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की जूनपर्यंत वावर रिकामंच. घाई नाही, मजूर नाहीत. पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग लावला, पुढे काय? पूर्वी चुलीत जायची. आता गॅस आला (भरायला पैसे असले की).

ढीग तसाच ठेवा म्हणणाऱ्यांनी गुलाबी बोंडअळीचंही सांगावं. किडक्या बोंडांत अळी सुप्त राहते आणि पुढच्या हंगामात निघते. २०१७ साली विदर्भाने ते भोगलंय. श्रेडर यंत्राने पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळणं चांगलं, सेंद्रिय कर्बही वाढतो. पण श्रेडर गावात भाड्याने मिळाला तर ना!

औष्णिक केंद्रांनी कोळशात ५ टक्के पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या) मिसळावेत असं केंद्राचं धोरण २०२४-२५ पासूनचं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, सगळी इथलीच. तरी पऱ्हाटी उचलायला गाडी येत नाही, कारण ती फुगीर. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन भरत नाही, डिझेलही निघत नाही. कुट्टी गावातच व्हायला हवी. उन्हाळ्यात ओस पडलेल्या जिनिंगच्या आवारात जागा आहे. वजनावर दर ठरवा, पैसे थेट खात्यात टाका, मग काडी कोण लावतो बघू.

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाळणाऱ्याला मात्र खुशाल दंड करा. गुरंवाले ते मागत फिरतात.