पॅड तुमच्याच डब्यातले होते सर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. ब्रेकचं काम करून नेल्यावर दुसऱ्याच दिवसापासून कर्कश आवाज यायलाय, गॅरेजवाल्यानं डुप्लिकेट पॅड टाकले, फोन नीट घेत नाहीत, कुणी जाऊ नका, असं लिहून एक स्टार दिलाय तुम्ही. त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. घरची माणसं गाडीत असताना ब्रेक चिरकायला लागला की कुणाच्याही पोटात गोळा येतो. फोनचंही खरंय, मी गाडीखाली होतो, पोरानं उचलला आणि नवीन पॅडला होतंय तसं म्हणून ठेवून दिला. ते चुकलंच आमचं, मी संध्याकाळी उलट फोन करायला पाहिजे होता.

पण डुप्लिकेट हा शब्द लई लागला सर. पॅड मी दिलेच नाहीत तुम्हाला. तुम्हीच ऑनलाइन मागवून डब्यासकट आणले होते, डबा माझ्या टेबलावर तुमच्यासमोर फोडला, आणि आतमध्ये चार पॅड सोडून काहीच नव्हतं. पॅडच्या पाठीमागं एक पातळ पत्रा असतो, शिम म्हणतात, पॅड थरथरू नये म्हणून असतो तो, आणि आवाज म्हणजे दुसरं काही नसून पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासताना बारीक थरथरतो तोच. तो पत्रा नव्हता, पॅड जागेवर धरणाऱ्या क्लिपा नव्हत्या. मी म्हणलो की सर तासाभरात दुकानातून दुसरा सेट आणतो, तुम्ही म्हणले पैसे दिलेत ह्याचे, हेच टाक. मग जुनेच पत्रे घासून पुसून, ग्रीस लावून बसवले. माझ्या बिलावर फक्त 600 रुपये मजुरी आहे, पॅडचा एक रुपया नाही. बिल तुमच्याकडंही असंल, बघून घ्या. काढलेले जुने पॅड त्याच डब्यात भरून डिकीत डाव्या बाजूला ठेवलेत.

आणि डिस्कचं तर तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंच नाही. चाक काढल्यावर मी तुम्हाला खाली बसवून बोट फिरवायला लावलं होतं, आठवतंय का, नखाला लागतील एवढ्या खोल रेघा होत्या आणि बाहेरच्या कडेला ओठासारखी धार आली होती. जुने पॅड पार संपले होते. बऱ्याच पॅडला पत्र्याची एक जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासून चूंऽ चूंऽ करती, ती मालकाला सांगायलीच असती की आता बदला. तुम्ही त्याच्यावरच बरेच दिवस चालवली, आवाज ऐकून पण. त्याच्यात डिस्क गेली. मी व्हर्नियर लावून जाडी मोजली. डिस्कवर कंपनीनं किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्यापेक्षा थोडीच जास्त भरली, म्हणजे त्या दिवशी चालण्यापुरती होती पण लेथवर घासून सपाट करायला गेलो असतो तर किमानच्या खाली गेली असती. म्हणून म्हणलो की दोन्ही पुढच्या डिस्क बदला, रेघा पडलेल्या डिस्कवर नवीन पॅड सपाट बसत नाही, आवाज करणारच. तुम्ही म्हणले पुढच्या महिन्यात बघू. ठीक आहे, तुमचा निर्णय, पण मग आवाज आला की माझं नाव कसं काय येतं?

चावी देताना एक गोष्ट अजून सांगितली होती. नवीन पॅड जमेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर हळू ब्रेक मारा, जोरात आणि लांब दाबून धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाच माणसं बसवून तुळजापूरला दर्शनाला गेले आणि तिथून घाट उतरून सोलापूरला. हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय म्हणून म्हणायलोय. देवाला जाण्यावर माझं काही म्हणणं नाही, आम्ही पण दर नवरात्रात जातो. पण घाटात सेकंड गिअरला गाडी टाकून इंजिनावर उतरवायची सोडून ब्रेकवर पाय ठेवून उतरवली की नवा पॅड तापून त्याच्यावर काच चढल्यासारखी चकाकी येती, आणि मग तो आवाज आपोआप जात नाही, पॅड काढूनच घासावा लागतो.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, मी औसा रोडला 15 वर्षं हेच काम करायलोय. ब्रेकच्या कामात खोटा माल टाकणारा माणूस मी नाही, कारण त्या गाडीत लेकरं बसत्यात. सोमवारी एकानं फोन करून विचारलं की डुप्लिकेट टाकता म्हणे, आणि गाडी आणलीच नाही. दोन पोरांचे पगार आहेत, शेडचं भाडं आहे.

माझी चूक मी मान्य करतो. डिस्कचं तोंडी सांगितलं, बिलावर लिहून तुमची सही घ्यायला पाहिजे होती, आणि खरं तर तसे अर्धवट पॅड बसवायला नाहीच म्हणायला पाहिजे होतं. आता इथून पुढं लिहून देतोय, फोनचं पण काहीतरी करतो.

तुमचं काम मजुरी न घेता परत करून देतो. पॅड काढून पॉलिश पेपर मारू, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना साफ करू, नवे पत्रे टाकू. डिस्क बदलायची असंल तर मला पडतील त्याच भावात देतो. एक सांगतो, चूंऽ असा बारीक आवाज असंल तर गाडी हळू चालवत घेऊन या, पण खर्रर्र असं लोखंडावर लोखंड घासल्यासारखं व्हायलं असंल किंवा पेडल खाली जायलं असंल तर गाडी चालवूच नका, जिथं आहे तिथं उभी करा, मी पोराला पाठवतो. धुतल्यावर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येती ती गंजाची असती, तिचं टेन्शन घेऊ नका.

रिव्ह्यू काढा म्हणत नाही, आवाजाचं लिहिलंय ते राहू द्या, स्टार पण एकच राहू द्या. फक्त डुप्लिकेट हा शब्द तेवढा काढा सर. सकाळी साडेनऊला या, डिस्क थंड झाली की हात लावून बघता येतं. आणि तो डबा डिकीत असंल तर तसाच राहू द्या, दोघं मिळून उघडून बघू.