जमिनीवर फुटलेलं यान स्वस्त पडतं

खासगी अंतराळ कंपन्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, सरकारी खात्याला जमलं नाही ते खासगीवाल्यांनी करून दाखवलं. दुसरा म्हणतो, नफ्यासाठी माणसांच्या जिवाशी खेळ चाललाय. स्पेसएक्सचं क्रू ड्रॅगन आणि बोइंगचं स्टारलाइनर शेजारी ठेवून पाहिलं की दोन्ही सूर अपुरे वाटतात. दोन्ही कंपन्या खासगी, गिऱ्हाईक एकच (नासा), कंत्राटाचा प्रकारही एकच. तरी एक यान २०२० पासून माणसं नेतंय-आणतंय आणि दुसऱ्यातून गेलेल्या दोघांना घरी यायला पहिल्याच यानात बसावं लागलं. खरं हार्डवेअर, खऱ्या जोडणीत, खऱ्या वेळेइतकं जमिनीवर चालवून पाहिलं होतं का, या एका प्रश्नापाशी त्यातला बराचसा फरक येऊन थांबतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी कंत्राट समजून घेऊ. जुलै २०११ मध्ये शेवटचं स्पेस शटल उतरलं आणि माणसं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठवायला नासाकडे रशियाच्या सोयुझखेरीज काही उरलं नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये नासाने बोइंगला ४२० कोटी डॉलर आणि स्पेसएक्सला २६० कोटी डॉलर अशी दोन कंत्राटं दिली. रक्कम ठरलेली. टप्पा पूर्ण झाला की त्या टप्प्याचे पैसे, आणि वर जो खर्च होईल तो कंपनीने सोसायचा. जुन्या पद्धतीत झालेला खर्च अधिक नफा असा हिशेब असे, त्यामुळे उशीर झाला तरी कंपनीचं बिघडत नसे. नवी पद्धत करदात्याला परवडते यात वाद नाही. स्टारलाइनरमध्ये बोइंगला सुमारे २०० कोटी डॉलरचा तोटा झाला, तो कंपनीनेच भरला. पण या पद्धतीत एक सापळा आहे. प्रत्येक चाचणीचा खर्च थेट कंपनीच्या खिशातून जातो, आणि वेळापत्रक घसरलं की सगळ्यात आधी कात्री चाचणीला लागते.

स्पेसएक्सच्या भक्तांनी हेही लक्षात ठेवावं की ही कंपनी काही जन्मतः शहाणी नव्हती. २८ जून २०१५ ला स्थानकासाठी सामान घेऊन निघालेलं फाल्कन ९ रॉकेट उड्डाणानंतर १३९व्या सेकंदाला हवेतच विखुरलं. दुसऱ्या टप्प्याच्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीत दाब राखायला हेलियमच्या बाटल्या बुडवलेल्या असतात. हेलियम हलका, भोवतालचा द्रव जड, त्यामुळे बाटली सतत वर उसळू पाहते आणि रॉकेटचा प्रवेग जसा वाढतो तशी ही उसळ वाढत जाते. तिला धरून ठेवणारा एक स्ट्रट (आधाराचा दांडा) तुटला. १०,००० पौंड ताण सोसेल असं प्रमाणपत्र असलेला तो भाग सुमारे २,००० पौंडांना गेला, असं कंपनीनेच सांगितलं. नासाच्या चौकशीने आणखी खोलात बोट ठेवलं: औद्योगिक दर्जाचं १७-४ पीएच स्टेनलेस स्टीलचं ओतीव काम अतिथंड टाकीतल्या महत्त्वाच्या जागी वापरलं, उत्पादकाने सुचवलेलं ४ पट सुरक्षा-गुणोत्तर पाळलं नाही आणि तिथल्या परिस्थितीत तो भाग पुरेसा तपासलाही नाही. कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला, हे मूळ. त्यानंतर स्ट्रटचा पुरवठादार बदलला आणि प्रत्येक नग वेगळा तपासायचं ठरलं. त्याच अपघातात मालवाहू ड्रॅगनची कुपी (कॅप्सूल) धडधाकट सुटली होती, पण अशा प्रसंगी पॅराशूट उघडण्याचं सॉफ्टवेअरच तिच्यात नव्हतं, म्हणून ती समुद्रावर आपटली. पुढच्या यानांत ते सॉफ्टवेअर आलं.

आता २० एप्रिल २०१९. मार्चमध्ये स्थानकावर जाऊन आलेली, माणसं न बसवलेली क्रू ड्रॅगन कुपी फ्लोरिडात चाचणीला उभी होती. आणीबाणीत कुपीला रॉकेटपासून ओढून नेणारी ८ सुपरड्रॅको इंजिनं पेटवायची होती. पेटायच्या सुमारे १०० मिलिसेकंद आधी यानाचा स्फोट होऊन चिंधड्या उडाल्या. या इंजिनांत मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड ही जोडी असते, एकमेकांना भिडताच पेटणारी. एका गळक्या भागातून टेट्रॉक्साइडचा थोडा द्रव हेलियमच्या नळीत शिरून बसला होता. दाब देण्यासाठी हेलियम सोडल्याबरोबर त्याने तो द्रव प्रचंड वेगाने टायटॅनियमच्या चेक व्हॉल्व्हवर (एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपेवर) आदळला आणि टायटॅनियमच पेटलं. त्या परिस्थितीत टायटॅनियम असं पेटेल, ही अपेक्षा तोवर नव्हती. उपाय म्हणून त्या चेक व्हॉल्व्हच्या जागी बर्स्ट डिस्क आली. ठरलेल्या दाबाला फुटेपर्यंत ही चकती नळी पूर्ण बंद ठेवते, त्यामुळे मागे गळती व्हायला वाटच राहत नाही.

हा स्फोट मला खासगी अंतराळयुगातली सगळ्यात किफायतशीर घटना वाटते. यान गेलं, पण उड्डाण केलेलं, समुद्रात उतरलेलं, खरंखुरं यान चाचणीला लावलं म्हणून दोष सापडला, आणि आत कोणी नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये भर उड्डाणात कुपी सोडवून पाहिली. ३० मे २०२० ला डग हर्ली आणि बॉब बेहन्कन त्यात बसले.

स्टारलाइनरची गोष्ट नेमकी उलट बाजूने जाते. २० डिसेंबर २०१९ च्या पहिल्या, माणसांविनाच्या उड्डाणात यानाने अ‍ॅटलस ५ रॉकेटकडून वेळ उचलली ती अंतिम उलटमोजणी सुरू होण्याआधीची. घड्याळ ११ तास चुकलं. रॉकेटपासून सुटल्यावर आपण मोहिमेच्या भलत्याच टप्प्यात आहोत अशी यानाची समजूत झाली, छोटे थ्रस्टर (यानाची दिशा सांभाळणारी इंजिनं) धडाधड चालले, इंधन संपत आलं आणि स्थानक गाठणं रद्द झालं. यान वर असतानाच जमिनीवरच्या तपासणीत दुसरी चूक सापडली. कुपीपासून सुटलेल्या सर्व्हिस मॉड्यूलचे (इंजिनं आणि इंधन असलेल्या मागच्या भागाचे) थ्रस्टर चुकीच्या क्रमाने चालले असते आणि ते मॉड्यूल कुपीवरच येऊन आदळू शकलं असतं. दुरुस्ती वर पाठवली गेली म्हणून यान नीट उतरलं.

या दोन्ही चुका उघड करायला अंतराळात जायची गरज नव्हती. प्रक्षेपणापासून स्थानकाला जोडेपर्यंत सॉफ्टवेअर सलग चालवायचं तर २५ तासांहून जास्त लागणार, म्हणून बोइंगने चाचणीचे तुकडे केले. पहिला तुकडा रॉकेटपासून सुटण्यापाशी संपत होता. तो थोडा पुढे नेला असता तर घड्याळ तिथेच उघडं पडलं असतं. तुकड्या-तुकड्याने पास झालेली यंत्रणा सांध्यावर नापास होते, हे कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही पटेल.

पुढे ऑगस्ट २०२१. दुसरं उड्डाण तोंडावर आणि ऑक्सिडायझरचे (इंधन जाळणाऱ्या टेट्रॉक्साइडचे) २४ पैकी १३ व्हॉल्व्ह उघडेनात. टेट्रॉक्साइडची वाफ टेफ्लॉनच्या सीलमधून हळूहळू झिरपते. तिला फ्लोरिडाच्या दमट हवेतली ओल मिळाली की नायट्रिक आम्ल तयार होतं. आम्लाने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं, गंजाची पूड साचली, व्हॉल्व्ह चिकटले. पुढच्या वेळी ओल आत जायच्या वाटा बंद केल्या, कोरडा नायट्रोजन खेळवला आणि इंधन भरणं प्रक्षेपणाच्या जवळ आणलं. उड्डाण झालं, पण मे २०२२ मध्ये.

त्या उड्डाणातही काही थ्रस्टर मध्येच बंद पडले होते. माझ्या लेखी सगळ्यात गंभीर चूक इथे झाली. कारणाच्या तळाशी न जाता पुढचं पाऊल माणसांसह टाकलं गेलं. ५ जून २०२४ ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर निघाले. दुसऱ्या दिवशी स्थानकाजवळ येताना २८ पैकी ५ थ्रस्टर बंद झाले, हेलियमच्या गळत्या वेगळ्याच. हे थ्रस्टर यानाच्या कडेला डॉगहाउस नावाच्या चार बंदिस्त खोक्यांत बसवलेले असतात. शेजारी मोठी इंजिनं, भोवती उष्णतारोधक आवरण, त्यामुळे वारंवार चालवले की उष्णता आतच कोंडते. नासाच्या व्हाइट सँड्स चाचणी केंद्रात तसाच थ्रस्टर तशाच क्रमाने चालवून पाहिला तेव्हा आतल्या पॉपेटचं (व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या भागाचं) टेफ्लॉन सील फुगून ऑक्सिडायझरची वाट अडवताना दिसलं. थ्रस्टर सुटा, मोकळ्यावर चालवला तर ही कोंडलेली उष्णता दिसत नाही. पूर्ण डॉगहाउस जोडून, माणूस हाताने यान चालवताना जसे झटके देतो तसे देऊन तापवलं पाहिजे.

स्टारलाइनर ७ सप्टेंबर २०२४ ला रिकामं उतरलं, आणि नीट उतरलं, हे बोइंगच्या बाजूने नोंदवायलाच हवं. तरी त्यात माणसं न बसवण्याचा नासाचा निर्णय बरोबरच होता. परतीच्या वेळी थ्रस्टर कसे वागतील याची खात्री कोणाला देता येत नव्हती. आठ दिवसांसाठी गेलेले दोघं २८६ दिवसांनी, १८ मार्च २०२५ ला ड्रॅगनमधून परतले.

नासाचाही यात वाटा आहे. नवख्या स्पेसएक्सवर तिची बारीक नजर होती, जुन्या-जाणत्या बोइंगवर तेवढी नव्हती, आणि हे नासाच्या अधिकाऱ्यांनी २०२० मध्ये स्वतः कबूल केलं. स्पेसएक्सला आणखी एक सोय होती: २०१२ पासून मालवाहू ड्रॅगन स्थानकावर ये-जा करत होतं, त्यातून शिकत माणसांचं यान बनलं. बोइंगला असा सराव मिळाला नाही. ही सबब म्हणून मान्य, पण मग चाचण्या जास्त हव्या होत्या, कमी नव्हे.

आणि स्पेसएक्सही आजवर सुटलेली नाही. शुभांशु शुक्ला ज्या अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेवर जाणार होते, तिच्या फाल्कन ९ च्या बूस्टरमध्ये (पहिल्या टप्प्यात) जून २०२५ मध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. हा वापरलेला बूस्टर होता आणि आधीच्या उड्डाणातली गळती डागडुजीत पूर्ण निघालीच नव्हती, हे कंपनीने मान्य केलं. इस्रोच्या पथकाने दुरुस्ती आणि खात्रीचा आग्रह धरला. उड्डाण २५ जूनला झालं. पुनर्वापराने पैसे वाचतात, पण त्यासोबत तपासणीचा एक नवा, कंटाळवाणा, कधीच न संपणारा धंदा अंगावर येतो.

आपल्याकडे स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला ८९.५ किलोमीटरपर्यंत गेलं. अग्निकुल या दुसऱ्या कंपनीचं अग्निबाण अनेकदा पुढे ढकलल्यावर ३० मे २०२४ ला श्रीहरिकोटाहून उडालं, आणि ते ढकलणं हे चांगलं लक्षण होतं. या कंपन्यांची बातमी आली की किती कोटींची गुंतवणूक आली एवढंच आपण वाचतो. विचारायला हवं ते असं: इंजिन एकूण किती सेकंद पेटवलं? टाकी, नळ्या आणि इंजिन एकत्र जोडून किती वेळा? सॉफ्टवेअर प्रक्षेपणापासून शेवटपर्यंत सलग चालवलं का? विक्रोळीत गोदरेज इस्रोच्या रॉकेटची 'विकास' इंजिनं बनवतं, वालचंदनगरला रॉकेट मोटरची केसिंग्ज बनतात. या कामांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शॉपलाही त्या तुटलेल्या स्ट्रटचा धडा लागू आहे. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लावलं म्हणजे भाग तपासला असं होत नाही. प्रत्येक लॉटमधले नमुने, ज्या तापमानाला भाग चालणार त्याच तापमानाला तोडून पाहावे लागतात.

अंतराळ उपक्रम विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये आला, कायदा अजून व्हायचा आहे. तो होईल तेव्हा त्यात एक कलम असावंच: परवाना घेणाऱ्या कंपनीचं उड्डाण किंवा मोठी चाचणी फसली, तर कोणता भाग, किती दाबाला, कोणत्या कारणाने गेला याचा अहवाल ठरावीक मुदतीत सगळ्यांसाठी खुला करायचा. एका कंपनीच्या टायटॅनियमला लागलेली आग दुसरीच्या ड्रॉइंगवर खूण होऊन उतरायची असेल, तर त्याला दुसरा मार्ग मला दिसत नाही.