सेकंदाला बारा

आईला अलीकडे कमी ऐकू येतं. त्यामुळे आमच्याकडे कुठलाही सिनेमा "काय म्हणाला रे तो?" या पार्श्वसंगीतावर चालतो. 'शॉन द शीप मूव्ही' मात्र तिने एकदाही न विचारता पाहिला, कारण त्यात कोणी काही म्हणतच नाही. ब्रिस्टलच्या आर्डमन कंपनीचा हा २०१५चा सिनेमा नुसत्या बें-बें आणि हुं-हुंवर निभावतो. मालकाची स्मृती जाते, तो शहरात बड्या लोकांची डोकी मेंढ्यांसारखी भादरून नाव कमावतो आणि इकडे कळप त्याला शोधत फिरतो. आई खूश. दुर्दैवाने आमचे चिरंजीवही खूश.

"बाबा, या खरोखरच्या बाहुल्या आहेत! जरा हलवायचं, फोटो काढायचा. परत हलवायचं, परत फोटो."

सेकंदाला चौकटी लागतात चोवीस. एकेक फोटो दोनदा वापरून चिरंजीवांनी हिशेब बारावर आणला. घरच्यांवर त्यांनी केलेली दया तेवढीच.

जेवणाचं टेबल लोकेशन झालं, आमची पंगत फरशीवर. क्लेची मेंढी, तिच्या अंगावर आईचा वातींचा कापूस, खाली हिरव्या ब्लाउजपीसचं कुरण आणि डब्यांच्या उतरंडीला रबरबँडने जखडलेला माझा मोबाइल. कापूस उडतो म्हणून पंखा बंद. मे महिना, बडोदा, पंखा बंद! दांडिया बाजारात डांबर मऊ पडतं, तिथे क्लेची काय कथा? मेंढीचे पुढचे पाय वाकत वाकत ती साष्टांग नमस्काराला आली. तिला फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी विश्रांती मिळाली. आम्हाला नाही.

माझ्याकडे खिडकीचा पडदा धरायचं खातं होतं. उजेड बदलला की चित्र लुकलुकतं म्हणे. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलाय आणि पुसायची चोरी. तेवढ्यात मोबाइल थरथरला. मेव्हणे! आख्खी चौकट तिरकी झाली. दिग्दर्शकांनी तिथे कथेत भूकंप घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत कामवाल्या मावशींनी टेबल लख्ख पुसलं आणि कौतुकाने सांगितलं, "घेटुं पडी गयुं'तुं, में ऊभुं करी दीधुं." उभी केली, पण कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला. सिनेमात आता मेंढी एका क्षणात अंतर्धान पावून तिकडे प्रकटते. आईला तो प्रसंग फार आवडतो.

माझी बाजू घेण्याचं सोडून आईने उलट इतिहास काढला. "फाळके इथेच कलाभवनात शिकले. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते असंच एकेक चित्र घेऊन दाखवलं. पुढे आगकाड्याही नाचवल्या. हे खूळ आपल्या गावचंच आहे!"

"वाटाणा जागचा हलत नव्हता, आई," बायको म्हणाली. "हे हलतात."

फाळक्यांबद्दल मला आदर आहेच. पण त्या कुंडीला धक्का लागू नये म्हणून त्यांच्या घरातली मंडळी किती अंग चोरून वावरली असतील, हे कोणी लिहून ठेवलंय का?

अखेर प्रीमियर झाला. आईने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला तोवर सिनेमा संपला होता. पुन्हा लावला. टाळ्या पडल्या, सेव-उसळ आली आणि रस्सा ओरपता ओरपता दिग्दर्शकांनी पुढचा भाग जाहीर केला: मेंढी अवकाशात. आकाशासाठी आईने स्वतःची चंद्रकळा काढून दिलीसुद्धा. मेंढी तरंगायला हवी, म्हणून ती दोऱ्याने पंख्याच्या पात्याला टांगणार आहेत.